फिरता स्प्रिंकलर घेण्याआधी: घरच्या लॉनसाठी हेड निवडणं आणि जुळवणं

सांगलीत विश्रामबागेला किंवा साताऱ्यात शाहूपुरीला बंगला बांधून झाला की पुढच्या मोकळ्या जागेत लॉन येतं. पहिल्या उन्हाळ्यातच संध्याकाळी पाइप धरून उभं राहायचा कंटाळा येतो आणि घरात स्प्रिंकलरचा विषय निघतो. मग ऑनलाइन फोटो बघून चार-सहा हेडं, म्हणजे पाणी उडवणारे फिरते भाग, मागवली जातात, प्लंबर ती गच्चीवरच्या टाकीच्या लाइनीला जोडतो, कॉक उघडतो, आणि हेडं जागची हलत नाहीत. पाणी नुसतं बुडाशी गळत राहतं. कंपनीला शिव्या पडतात, पण बहुतेक वेळा हेडात काही खोट नसते. त्याला फिरायला जेवढं प्रेशर लागतं तेवढं त्या टाकीत कधी नव्हतंच.

म्हणून नव्या माणसाने हे काम नेहमीच्या उलट क्रमाने करावं. आधी प्रेशर, मग पाणी, मग जागेचं माप आणि सगळ्यात शेवटी दुकान.

प्रेशर आणि पाणी मोजा

आपल्याकडे मोटरवाले प्रेशर किलोत सांगतात. "दोन किलो येतंय" म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो. परदेशी कंपन्यांच्या पत्रकात बार किंवा पीएसआय असतं. ढोबळ हिशेबाला १ किलो म्हणजे १ बार म्हणजे १४ पीएसआय धरा. पाण्याची पातळी नळापासून १० मीटर उंच असेल तर १ किलो प्रेशर मिळतं. एकमजली घराच्या गच्चीवर ठेवलेल्या टाकीत पाणी जमिनीपासून पाच-सहा मीटरवर असतं, म्हणजे खाली मिळतं जेमतेम अर्धा किलो. दुमजली घर असलं तरी एक किलोच्या आतच. गिअरवर फिरणाऱ्या रोटरला तीन किलोच्या आसपास लागतं. टाकी आणखी दोन फूट वर उचलून हे गणित सुटत नाही, त्याला पंपच हवा.

पंप असेल तर पाण्याचा साधा प्रेशर गेज आणा, ० ते ७ किलोचा. मोटरच्या दुकानात मिळतो. पंपाच्या डिलिव्हरीवर टी टाकून गेज बसवा आणि गेजच्या पुढे एक बॉल व्हॉल्व्ह ठेवा. आता पंप चालू करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर पाणी धो धो येईल आणि गेज जवळपास शून्यावर असेल. पूर्ण बंद केला तर काटा वर चढेल, पण पाणी येणार नाही. या दोन्ही टोकांचा आपल्याला उपयोग नाही. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत काटा तीन किलोवर आणा, तसाच ठेवा आणि पुढे येणारं पाणी २० लिटरच्या बादलीत भरा. मोबाइलवर वेळ लावा. बादली ६० सेकंदांत भरली तर तीन किलोला मिनिटाला २० लिटर मिळतंय. त्यातलं तीन चतुर्थांश, म्हणजे १५ लिटर, हिशेबात धरा. बाकीचं पाइपातलं घर्षण, तुंबणारा फिल्टर आणि कमी व्होल्टेज खाऊन टाकतात.

दुकानात "अर्धा एचपी पुरेल का" एवढंच विचारून मोटर घेऊ नका. पंपाच्या पाटीवर "हेड" मीटरमध्ये दिलेलं असतं. हे स्प्रिंकलरचं हेड नव्हे, पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते. कमाल उंचीला पाणी जवळपास येतच नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. तीन किलोसाठी ३० मीटर, वर सम्पमधून (जमिनीखालच्या टाकीतून) उचलणं आणि पाइपातली घट धरून ३५ मीटरला किती लिटर मिळतात ते कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. आणि नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावायचा विचार मनात आणू नका. ते नियमात बसत नाही, शिवाय शेजाऱ्याचं पाणी तुटतं. नळाचं पाणी आधी सम्पमध्ये किंवा टाकीत घ्या, मग पंपाने उचला.

कोणतं हेड कुणासाठी

फिरत्या प्रकारात घरच्या लॉनसाठी मुख्यतः पाच पर्याय समोर येतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जमिनीत खोचायचा तीन हातांचा प्लॅस्टिकचा फवारा. बागेच्या पाइपला जोडायचा, एक किलोच्या आसपासही गरगर फिरतो. मुलांना जाम आवडतो. पण तो गोल भिजवतो आणि आपलं लॉन चौकोनी असतं. कोपरे कोरडे, कंपाउंडची भिंत ओली. हातांच्या टोकाला पाणी जास्त आणि मधे कमी, असंही होतं. लॉन अगदी लहान असेल आणि रोज उचलून दोन जागी ठेवायची तयारी असेल तर हरकत नाही. मात्र यावर फार भरवसा ठेवू नये, असं माझं मत.

दुसरा पर्याय आपल्या भागातला, ठिबकच्या दुकानातला: मिनी स्प्रिंकलर किंवा बटरफ्लाय. १६ एमएमच्या काळ्या नळीवर बसतो, एक ते दीड किलोवर चालतो आणि स्वस्त असतो. सांगली-मिरज, तासगाव, कराड, कुठेही ठिबकवाल्याकडे मिळेल, तुटला तर लगेच नवा आणता येतो. ज्यांच्याकडे मोठा पंप नाही त्यांनी याच्या पुढे जाऊ नये, असं मी सांगेन. अडचण एकच. तो लॉनच्या वर उभा राहतो, त्यामुळे गवत कापायच्या मशिनला आडवा येतो आणि लाथेने मोडतो. कडेकडेने लावला तर चालतं.

तिसरा, टकटक वाजत फिरणारा इम्पॅक्ट. खटाव-कोरेगावकडे शेतात तुषार संचावर जो दिसतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. कॅलिफोर्नियात ग्लेंडोरा इथे ऑर्टन एंगलहार्ट याने १९३३ मध्ये हा बनवला, १९३५ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि रेन बर्ड कंपनी त्यातूनच उभी राहिली. पाण्याची धार एका हाताला ढकलते, स्प्रिंग त्याला परत आणते आणि तो हात दर फेरीला हेडाला थोडा टोला देतो. एवढी साधी रचना असल्यामुळे गढूळ पाण्यात हा बाकीच्यांपेक्षा जास्त टिकतो. आत बारीक गिअर नाहीत, अडकायला काही नाही. दोन ते तीन किलो लागतं. पहाटे पाचला त्याचा आवाज शेजारच्या खिडकीत जातो, तेवढं लक्षात ठेवा.

चौथा पॉपअप गिअर रोटर. पाणी सुरू झालं की जमिनीतून दांडी वर येते, एक जाड धार सावकाश पुढे-मागे फिरते आणि पाणी बंद झालं की दांडी परत आत जाते. दिसायला देखणा. पण याची फेक साधारण ८ ते १५ मीटर असते. २० बाय ३० फुटी लॉनला हा लावणं म्हणजे अर्धं पाणी रस्त्यावर. शेतातलं घर, शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं लॉन, निदान ५० फूट रुंद जागा असेल तरच याच्याकडे वळा.

पाचव्या प्रकाराला दुकानात "एमपी रोटेटर" म्हणतात, मूळ नाव हंटर कंपनीच्या मालाचं. साध्या पॉपअपच्या बॉडीवर हे छोटं नोझल बसतं आणि त्यातून बारीक धारांचा पंखा हळूहळू फिरतो. आकारानुसार फेक अडीच मीटरपासून नऊ मीटरपर्यंत. पावणेतीन किलोच्या आसपास याचं काम सगळ्यात छान होतं. कोन कमी-जास्त केला की हा पाणीही त्याच प्रमाणात कमी-जास्त करतो, त्यामुळे कोपऱ्यातलं आणि मधलं नोझल आपोआप जुळतं. पाणी सावकाश सोडतो, तासाला साधारण १० मिमीच्या आसपास. न फिरणारं साधं फवारा नोझल तासाला ४० मिमीपर्यंत ओततं. सांगलीच्या काळ्या मातीत ४० मिमी जिरतच नाही, वरून वाहून गटारात जातं. ८ ते ३० फूट रुंदीच्या बंगल्यातल्या लॉनला, पंप नीट असेल तर, मी डोळे मिटून हाच प्रकार सुचवेन.

एका कॉकवर दोन प्रकार मिसळू नका. साधा फवारा आणि रोटर एकत्र लावले तर एकाकडे चिखल होतो तेव्हा दुसऱ्याकडे जमीन नुसती ओलसर झालेली असते. मिसळायचेच असतील तर लाइन आणि कॉक वेगळे.

जागा कागदावर मांडा

शाळेचा आलेख कागद घ्या. एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर. लॉन, झाडं, पायवाट, तुळशीवृंदावन, गाडी लावायची जागा, सगळं काढा. मग कंपासने हेडाची फेक काढत जा.

नवखा माणूस इथे हमखास हात आखडतो. पाच मीटर फेक असलेली हेडं दहा मीटरवर ठेवली की दोन्ही वर्तुळं एकमेकांना टेकतात, काम झालं, असं वाटतं. पण कुठल्याही हेडाचं पाणी सगळीकडे सारखं पडत नाही, टोकाकडे ते विरळ होत जातं. म्हणून एका हेडाचं पाणी शेजारच्या हेडाच्या बुडाशी पोचलं पाहिजे. पाच मीटर फेक असेल तर दोन हेडांत अंतर पाच मीटरच. पैसे वाचवायला मधलं हेड गाळलं की एप्रिलमध्ये बरोबर त्याच जागी पिवळा पट्टा दिसतो.

एक उदाहरण घेऊ. लॉन ६ मीटर बाय ९ मीटर, म्हणजे साधारण २० बाय ३० फूट. चार कोपऱ्यांत चार हेडं पाव वर्तुळावर आणि लांब बाजूंच्या मधोमध एकेक अर्ध्या वर्तुळावर. लांबीच्या दिशेला हेडांमधलं अंतर साडेचार मीटर, रुंदीच्या दिशेला सहा. सहा मीटर फेकणारी रोटेटर नोझल घेतली. कोपऱ्यातलं मिनिटाला दीड लिटर आणि मधलं तीन लिटर सोडतं असं धरा. एकूण १२ लिटर. वरच्या बादलीच्या हिशेबात १५ लिटर उपलब्ध होते, तेव्हा सगळी एकाच कॉकवर चालतील. आता तासाचं पाणी ७२० लिटर, जागा ५४ चौरस मीटर. भागाकार १३.३, म्हणजे तासाला १३.३ मिमी. लिटरला चौरस मीटरने भागलं की थेट मिमी येतात, त्यामुळे हा हिशेब तोंडी जमतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

एकूण पाणी जमलं नाही तर लॉनचे दोन भाग करा, दोन कॉक, एकामागून एक चालवायचे. मोठी मोटर आणण्यापेक्षा हे कधीही स्वस्त.

बसवताना

मुख्य लाइन एक इंची पीव्हीसी, फाटे पाऊण इंची. लांबचं हेड अर्ध्या इंची पाइपवर टाकलं तर ते कायम आजारी राहतं. पंपानंतर डिस्क फिल्टर बसवा, १२० मेशचा. बोअरचं पाणी असेल तर हा ऐच्छिक नाही.

परदेशी हेडांचे आटे अमेरिकी मापाचे असतात, आपल्याकडचं फिटिंग ब्रिटिश मापाचं. अर्ध्या आणि पाऊण इंचीत इंचाला आटे सारखेच असल्यामुळे टेफ्लॉन टेप नीट गुंडाळली की बसतं. एक इंचीत आट्यांची संख्याच वेगळी आहे, तिथे जबरदस्ती केली की प्लॅस्टिक चिरतं.

पॉपअपच्या बॉडीची टोपी मातीच्या पातळीला हवी. गवताच्या टोकाला नव्हे. वर राहिली तर मशिनचं पातं टोपी उडवतं, खाली गेली तर पाणी गवतातच आपटतं. नवं लॉन टाकलं की माती थोडी दबते, तेव्हा पहिल्या पावसानंतर पातळी परत बघावी लागते. लॉनसाठी चार इंच वर येणारी बॉडी घ्या. फाट्यापासून बॉडीपर्यंत हातभर लवचिक नळी ठेवली तर कुणाचा पाय किंवा गाडीचं चाक पडल्यावर जमिनीतला टी मोडत नाही, हेड नुसतं दबतं. बॉडी ओळंब्यात उभी हवी, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला घर असेल तर उताराला काटकोनात. उतारावर आणखी एक भानगड असते. मोटर बंद झाली तरी लाइनीतलं पाणी सगळ्यात खालच्या हेडातून बराच वेळ गळतं आणि तिथे कायम डबकं राहतं. त्यासाठी बुडाला चेक व्हॉल्व्ह असलेल्या बॉड्या मिळतात. निदान खालच्या रांगेला तरी त्या घ्या.

आणि नोझल लावायच्या आधी लाइन धुवा. पीव्हीसी कापल्याचा कीस, सोल्युशनचे गोळे, माती, सगळं पाइपात असतं. नोझल न लावता मोटर पाच मिनिटं चालवा, सगळ्यात लांबच्या हेडातून स्वच्छ पाणी येईपर्यंत. प्लंबरला घाई असते, तो हे टाळतो. तुम्ही टाळू देऊ नका. नव्या स्प्रिंकलरच्या पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक तक्रारी या किसामुळेच येतात.

जुळवणं: कोन, फेक, नोझल

सगळे कपडे भिजणार आहेत, तेव्हा सकाळी वारा पडलेला असताना आणि घरात कुणी ऑफिसला निघायच्या घाईत नसताना हे काम काढा.

गिअर रोटरपासून सुरुवात. तो दोन कडांच्या मधे पुढे-मागे फिरतो. त्यातली एक कड कायमची ठरलेली असते आणि दुसरी आपण सरकवतो. कुठली ठरलेली हे कंपनीवर आहे: रेन बर्डच्या ५००० मालिकेत डावी, हंटरच्या पीजीपीत उजवी. हे माहीत नसलं की माणूस चावी फिरवत बसतो आणि नको ती बाजू सरकत राहते. हेड हातात असतानाच वरचा भाग बोटांनी हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून दोन्ही टोकं बघून घ्या. जोर लावू नका, आत प्लॅस्टिकचे गिअर आहेत.

ठरलेली कड आधी जागेवर आणायची. डावी कड पक्की असेल तर ती भिंतीच्या किंवा पायवाटेच्या रेषेला लावा. त्यासाठी अख्खी बॉडी फिरवावी लागते, किंवा टोपी उघडून दांडी फिरवावी लागते. काही हेडांत वर आलेली दांडी धरून टकटक करत फिरवता येते. मग सोबत आलेली चावी किंवा स्क्रूड्रायव्हर वरच्या खाचेत घालून अधिक-उणे चिन्हं बघत दुसरी कड हवी तिथे आणा. पत्रकात हे हेड पक्क्या कडेला धरून करायला सांगितलेलं असतं, ते पाळा. नंतर पाणी सोडून पुऱ्या दोन फेऱ्या होऊ द्या. पहिल्या फेरीत हेड कधीकधी मधेच वळतं, त्यावरून घाबरून परत चावी घालू नका.

फेक कमी करायला नोझलच्या वर एक छोटा स्क्रू असतो. तो आत घातला की धारेत घुसून ती फोडतो आणि पाणी जवळ पडतं. इथे दोन पथ्यं पाळायची. पाव हिस्स्यापेक्षा जास्त फेक स्क्रूने कमी करू नये. १० मीटरची साडेसात झाली तर ठीक, पाच करायची असेल तर नोझलच बदला, नाहीतर सगळं पाणी हेडाच्या बुडाशी साचतं. दुसरं, स्क्रू उलटा फिरवत पूर्ण बाहेर काढू नका. बऱ्याच हेडांत नोझलला जागेवर धरून ठेवणारा तोच असतो. तो सुटला की नोझल शेजारच्या अंगणात जाऊन पडतं.

यानंतरची गोष्ट अनुभवी प्लंबरही सोडून देतात. रोटर पाव वर्तुळात फिरो की पूर्ण, त्याच नोझलमधून मिनिटाला तेवढंच पाणी जातं. म्हणजे सगळीकडे एकच नोझल लावलं तर कोपऱ्याला मधल्यापेक्षा चौपट पाणी मिळतं. कोपऱ्यात मिनिटाला ४ लिटरचं असेल तर कडेच्या अर्ध्या वर्तुळाला ८ आणि मधल्या पूर्ण वर्तुळाला १६ लिटरचं हवं. रोटरच्या खोक्यात नोझलांचं जे झाड येतं, म्हणजे एका दांडीला लागलेली वेगवेगळ्या मापांची नोझल, ते याचसाठी. ते फेकून देऊ नका, उरलेली नोझल देवघराच्या कप्प्यात ठेवा, दुसरीकडे सापडणार नाहीत.

एमपी प्रकारच्या नोझलला हा हिशेब लागत नाही. पाणी चालू असतानाच एक कड जागेवर घ्यायची, मग त्याच्या खास चावीने कॉलर फिरवून कोन वाढवायचा-घटवायचा. धारा एकाच दिशेने फिरत राहतात, पण बाहेर पडतात ठरवलेल्या कोनातच. म्हणून हा रोटरसारखा मागे वळत नाही म्हणून बिघडला असं समजू नका. फेकही त्याच चावीने जास्तीत जास्त पाव हिस्सा कमी होते.

इम्पॅक्टला हेडाच्या मानेवर तारेच्या दोन कड्या असतात आणि त्यांना आपटून उलटणारी एक पिन. दोन्ही कड्या हव्या त्या टोकांना सरकवा, हेड तेवढ्यातच फिरेल. पिन वर उचलून ठेवली की पूर्ण गोल. समोरच्या स्क्रूने धार फुटते, वरच्या पत्र्याने ती खाली दबते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की उंच उडालेलं पाणी कुठल्या कुठे जातं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आपलं गाव पठाराच्या खाली असलं तरी मोकळ्या बाजूच्या घरांनी धार खालीच ठेवावी. रोटर असेल तर कमी उंचीच्या कोनाची नोझल मागून घ्यावीत.

प्रेशर बरोबर आहे का, हे पाणीच सांगतं. धार लांब जाऊन मोठ्या थेंबांनी कडेला कडं पाडत असेल आणि मधे कोरडं राहत असेल तर प्रेशर कमी. हेडाभोवती धुकं होऊन पाणी हवेत विरत असेल तर जास्त, कॉक थोडा आवळा. हेड अर्धवट वर येऊन बुडातून गळत असेल तर एकाच वेळी फार हेडं चालू आहेत.

डबे मांडून बघा

श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे एकसारखे नऊ रिकामे डबे गोळा करा. तीन रांगांत लॉनभर मांडा, हेडाजवळ आणि दोन हेडांच्या मधे दोन्हीकडे येतील असे. १५ मिनिटं पाणी चालवा. मग औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने किंवा सिरिंजने प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. डब्याचं तोंड १० सेंटिमीटर असेल तर साधारण ८ मिलिलिटर म्हणजे १ मिमी.

समजा सरासरी २६ मिलिलिटर आलं. २६ भागिले ८, सव्वातीन मिमी, तेही पाव तासात. म्हणजे तासाला १३ मिमी, आपल्या कागदावरच्या १३.३ ला धरून आहे. आता सगळ्यात कमी भरलेल्या दोन डब्यांची सरासरी काढा. ती १८ आली तर १८ ला २६ ने भागून जवळपास ०.७ येतं. घरच्या लॉनला हे चांगलं. ०.५ च्या खाली गेलं तर वेळ वाढवून उपयोग नाही, कारण कोरड्या जागेसाठी तुम्ही बाकी सगळं बुडवणार. आधी तुंबलेलं नोझल, तिरकी बॉडी, नको तिथे आवळलेला स्क्रू शोधा.

हिरवं दिसतंय म्हणजे सगळीकडे पाणी पोचतंय असं मानू नका. पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने लॉन जमिनीतल्या ओलीवरच हिरवं राहतं. चूक बाहेर पडते मार्चमध्ये.

किती वेळ चालवायचं

कृष्णाकाठच्या माणसाला ऊस भिजवायची सवय असते. सरीत पाणी तुंबल्याशिवाय रान भिजलं असं त्याला वाटत नाही. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत जमिनी क्षारपड झाल्या त्यामागे हेच जास्तीचं पाणी आणि निचऱ्याचा अभाव आहे. अंगणातल्या लॉनलाही तो नियम चुकत नाही. माती सतत गच्च ओली राहिली की मुळं वरच्यावर राहतात, बुरशी लागते आणि बोअरचं पाणी क्षारी असेल तर वर पांढरा थर धरतो.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे लॉन दिवसाला पाच-सहा मिमी पाणी उडवतं असं धरून चाला, थंडीत त्याच्या निम्म्यावर भागतं. काळ्या मातीत दिवसाआड १० मिमी द्या. आपल्या उदाहरणात तासाला १३ मिमीच्या हिशेबाने ४५ मिनिटं, म्हणजे ५४० लिटर. हजार लिटरच्या टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी आहे हे, तेव्हा लॉन किती मोठं करायचं हे ठरवतानाही हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. ही ४५ मिनिटं सलग मात्र नको. १५ मिनिटं चालवा, अर्धा-पाऊण तास थांबा, पाणी जिरू द्या, परत १५ मिनिटं, असं तीनदा. साधा टायमर हे पहाटे तुमच्या झोपेत करतो. पाणी वाहायला लागतंय असं दिसलं तर १५ ची १० मिनिटं करा.

साताऱ्याकडे मुरमाड जमिनीवर चार बोटं लाल माती टाकून लॉन केलेलं असतं. तिथे पाणी जिरतं पटकन, पण थांबत नाही. अशा ठिकाणी रोज पाच-सहा मिमी द्यावं, थांबून-थांबून देण्याची गरज नाही. खात्री करायची असेल तर पाणी दिल्यावर तासाभराने जुना स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. वीतभर सहज गेला तर पुरे झालं.

हरळी आणि सिलेक्शन वन पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतात. मऊ गालिच्यासारखं मेक्सिकन लॉन काळ्या मातीत साचलेल्या पाण्याने लवकर बिघडतं, त्याला तर थांबून पाणी देणं आणखी गरजेचं.

अधूनमधून

महिन्यातून एकदा प्रत्येक हेड चालू अवस्थेत बघा. एवढं केलं तरी पुष्कळ. बोअरच्या जड पाण्याने नोझलच्या भोकावर पांढरी खपली धरते. ती टाचणीने कोरू नका, भोक मोठं झालं की सगळा हिशेब गेला. नोझल आणि आतली बारीक जाळी काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. हेड फिरायचं थांबलं तर पहिला संशय जाळीवर, दुसरा डिस्क फिल्टरवर, तिसरा पंपावर. गिअर खराब झाले आहेत हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

जूनमध्ये पाऊस बसला की टायमर बंद करा. महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला लागत नाही, पण सांगली आणि माण-खटावकडे पाऊस दडी मारतो, तिथे दहा-बारा दिवस कोरडे गेले तर एखादी पाळी द्यावी लागते. तेवढ्यासाठी लाइन जोडलेलीच राहू द्या. दिवाळीच्या सुमाराला नेहमीचं पाणी परत सुरू करताना आधी डिस्क फिल्टर धुवा, मग शेवटच्या हेडाचं नोझल काढून लाइन पाच मिनिटं वाहू द्या. पावसाळ्यात आत शिरलेली माती आणि मुंग्यांची घरं आधी बाहेर पडतात. नोझल लावा आणि टायमरवर हिवाळ्याची निम्मी वेळ लावा.